सावन, भादों आणि फौजेची बराक

दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये असताना गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना लाल किल्ला दाखवण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच यायचे. त्याचा क्रम ठरलेला असे. लाहोरी दरवाजा, छत्ता चौक, नौबतखाना, दिवाण-इ-आम आणि मग दिवाण-इ-खास. दिवाण-इ-खासच्या छताखाली उभे राहिले की कोणीतरी हमखास विचारायचे, "भाऊसाहेबांनी काढलं ते रुप्याचं छत इथलंच ना?" हो म्हटले की सगळे क्षणभर वर बघायचे, फोटो काढायचे आणि परतीची घाई सुरू व्हायची.

नदीकडे तोंड करून उभे राहिले, तर दिवाण-इ-खासच्या डाव्या हाताला, हमाम आणि मोती मशिदीच्या पलीकडे, एक मोठी चौकोनी बाग आहे. तिकडे फारसे कोणी वळत नाही. बागेच्या उत्तरेला आणि दक्षिणेला संगमरवराचे दोन छोटे मंडप एकमेकांकडे बघत उभे आहेत. त्यांची नावे सावन आणि भादों, म्हणजे आपले श्रावण आणि भाद्रपद. दोघांच्या मधोमध एका कोरड्या हौदात लाल दगडाची, छप्पर गेलेली एक इमारत आहे. ती जफर महाल. आणि या सगळ्याच्या मागे, पश्चिमेकडून बागेवर नजर ठेवल्यासारख्या, गोऱ्या पलटणींसाठी बांधलेल्या उंच बराकी.

आज लिहायचे आहे ते या बागेबद्दल. कारण या एका जागेत मोगल, मराठे, इंग्रज आणि आपण स्वतः, अशा चौघांच्या फौजांचा हिशेब एकत्र मांडता येतो. हिशेब नेहमी आपल्या बाजूने येतोच असे नाही.

पाण्यासाठी बांधलेली बाग

किल्ला म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर गड उभा राहतो. बुरूज, माची, बालेकिल्ला, चोरदरवाजा. लाल किल्ला त्या अर्थाने गड नाहीच. सुमारे अडीच किलोमीटर घेराचा तट आहे, तो नदीच्या बाजूला १८ मीटर आणि शहराच्या बाजूला ३३ मीटरपर्यंत उंच आहे, पण त्या तटाच्या आत सगळा संसार राजवाड्याचा. शाहजहानने १६३९ साली बांधकाम सुरू केले आणि १६४८ साली तो इथे राहायला आला. नऊ वर्षांत दरबार, जनानखाना, हमाम, कारखाने आणि बागा उभ्या राहिल्या. त्यातली मोठी बाग म्हणजे हयातबख्श, जीवन देणारी. तिच्या पश्चिमेला दुसरी बाग होती, मेहताब बाग, म्हणजे चांदण्याची बाग. तिचे आज नावच उरले आहे.

फौजी माणूस कुठल्याही किल्ल्यात गेला की आधी पाण्याची सोय बघतो. इथली सोय बघण्यासारखी आहे. यमुना तटाच्या पायथ्याशी वाहत होती, पण राजवाड्याची जमीन उंचावर. म्हणून फिरोजशहा तुघलकाच्या वेळचा जुना कालवा दुरुस्त करून, पुढे वाढवून, यमुनेचे पाणी पार वरच्या अंगाने दिल्लीत आणले. या कामाशी अली मर्दान खान या सरदाराचे नाव जोडलेले आहे. तो कालवा चांदणी चौकातून वाहायचा आणि किल्ल्यातही यायचा. किल्ल्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या शाह बुर्जापाशी पाणी संगमरवराच्या उतरत्या फळीवरून पसरट होऊन खाली यायचे, आणि तिथून नहर-इ-बिहिश्त, म्हणजे स्वर्गाचा पाट, सुरू व्हायचा. हा पाट नदीकाठच्या सगळ्या महालांच्या पोटातून, हमाम, दिवाण-इ-खास, खास महाल, रंग महाल असा दक्षिणेकडे जायचा. उन्हाळ्यात दिल्लीची दुपार ज्याने काढली आहे त्याला या पाटाचे मोल सांगायला नको.

याच पाण्याची एक वाट हयातबख्श बागेत वळवलेली होती. बागेच्या मधल्या हौदात चांदीची ४९ कारंजी आणि काठाने आणखी ११२, असे जुने वर्णन आहे. हौदापासून चारी दिशांना पाट, पाटांतही कारंजी. शनिवारवाड्यातले हजारी कारंजे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही हौस ओळखीची वाटेल. दिल्लीच्या दरबारात जे होते ते आपल्याही वाड्यात असावे, असे पेशव्यांना वाटले तर त्यात नवल नाही.

आता त्या दोन मंडपांकडे या. सावन असो की भादों, रचना एकच. मंडपाच्या आतून पाट येतो आणि पुढच्या कडेवरून पाणी खालच्या कुंडात पडते. जिथे पाणी पडते त्या दगडी भिंतीत ओळीने छोटे कोनाडे कोरले आहेत. आपल्या घरात दिवा ठेवायला असतात तसेच, फक्त ओळीमागे ओळ. दिवसा त्या कोनाड्यांत फुलदाण्या ठेवायच्या आणि रात्री दिवे. म्हणजे पाण्याच्या पडद्याआडून दिवसा फुले दिसायची आणि रात्री ज्योती. पावसाळ्याचे दोन महिने, त्यातल्या विजा आणि बहरासकट, बाराही महिने मंडपात बसून पाहता यावेत, एवढ्यासाठी ही सगळी यातायात.

मी त्या कोनाड्यांसमोर बराच वेळ उभा राहिलो आहे. पाणी वाहताना मात्र कधी पाहिले नाही. पाण्यावाचून ते मंडप म्हणजे वाती नसलेल्या समया.

रुप्याचे छत

आता आपल्या घरचा हिशेब.

नादिरशहाने १७३९ साली दिल्ली लुटली आणि मयूरासन नेले. त्यानंतर एकवीस वर्षांनी, ऑगस्ट १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी दिल्ली आणि किल्ला घेतला. मराठी माणूस हे वाक्य अभिमानाने म्हणतो आणि म्हणावेच. पण त्याच्या पुढचे वाक्यही तेवढ्याच स्वच्छ आवाजात म्हटले पाहिजे. किल्ला हाती आल्यावर काही दिवसांतच भाऊंनी दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याचे नाणे पाडले. रक्कम नऊ लाखांच्या आसपास सांगतात.

भाऊंना त्या छताचा राग नव्हता. त्यांच्याकडे मोठी फौज होती, सोबत बाजारबुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा लोंढा होता, उत्तरेतली वसुली येत नव्हती आणि फौजेचा पगार थकत चालला होता. ज्याने कधी शिबंदीच्या पोटाची जबाबदारी घेतली आहे त्याला त्या माणसाची रात्र कळू शकते. वर बघितले तर रुपे, खाली बघितले तर उपाशी घोडी. त्यांनी जे केले ते त्या जागी दुसऱ्या कोणत्याही सेनापतीने केले असते, असे म्हणणारे माझे मित्र आहेत आणि ते चुकीचे बोलत नाहीत.

तरी छत गेले ते गेलेच. पैसाही फार दिवस पुरला नाही. ऑक्टोबरमध्ये फौज दाण्यापाण्याच्या शोधात कुंजपुऱ्याकडे निघाली, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झाले ते सांगायची गरज नाही. आज तिथे रंगवलेले लाकडी छत आहे. ते वाईट नाही. पण मराठी पाहुण्याने वर बघून "आमच्या भाऊंनी काढलं" असे हसत म्हटले की मला त्या हसण्यात साथ देता येत नाही.

याच हिशेबाची जमेची बाजूही आहे, आणि ती आपल्याकडे कमी सांगितली जाते. फेब्रुवारी १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये परागंदा बादशहा शाह आलम मराठ्यांच्या संरक्षणात याच किल्ल्यात परतला. १७८८ साली रोहिला सरदार गुलाम कादिर किल्ल्यात शिरला. त्याने खजिन्यासाठी महालांच्या फरश्या उकरल्या, राजघराण्यातल्या बायकामुलांचे हाल केले आणि म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. त्याला किल्ल्यातून हुसकून लावले ते महादजींच्या फौजेने. या मोहिमेचा एक प्रमुख होता राणेखान. पानिपतावरून जखमी महादजींना बैलावर घालून वाचवणारा भिश्ती तो हाच, असे परंपरा सांगते. ज्या राजवाड्यात सगळी करामत पाण्याची, त्याच्या मदतीला एक पाणक्या धावला, ही गोष्ट मला फार आवडते.

त्यानंतर पंधरा वर्षे, ११ सप्टेंबर १८०३ ला जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा दिल्लीसमोर पराभव करेपर्यंत, किल्ल्याची राखण शिंद्यांच्या हाती होती. म्हणजे ज्यांनी छत उतरवले त्यांच्याच पुढच्या पिढीने त्या छताखालच्या आंधळ्या बादशहाला सांभाळले. इतिहास आपल्याला खलनायक ठरवत नाही, की देवही ठरवत नाही.

म्हाताऱ्या बादशहाचा लाल दगड

अठराव्या शतकाच्या त्या धामधुमीत कालवा कुणी सांभाळायचा? तो बुजला आणि सावन-भादों कित्येक वर्षे कोरडे राहिले. इंग्रजांनी १८२० च्या सुमारास कालवा साफ करून पुन्हा वाहता केला, ही त्यांची चांगली बाजू. १८३७ साली बहादूरशहा गादीवर आला. गादी म्हणायची एवढेच. हुकूम किल्ल्याच्या भिंतीपर्यंत आणि खर्चाला कंपनी सरकारचे महिना सुमारे एक लाख रुपये. त्यात राजघराण्याचा अफाट गोतावळा पोसायचा.

या माणसाने १८४२ च्या सुमारास बागेच्या मधल्या हौदात एक महाल बांधला. 'जफर' या आपल्या कवीनावावरून त्याचे नाव जफर महाल. त्याच सुमारास नदीच्या बाजूला त्याने हिरा महाल आणि मोती महाल असे दोन छोटे मंडपही उभारले. पणजोबा-खापरपणजोबांनी संगमरवरात बांधले, याने हौदातला महाल साध्या लाल दगडात बांधला. कारागिरी शाहजहानच्या तोडीची नाही, ते कुणालाही दिसते. पूर्वी महालात जायला हौदावरून पूल होता, तो आज नाही.

कलेचे जाणकार जफर महालाला फारसे गुण देत नाहीत. मला मात्र बागेतली हीच इमारत सगळ्यांत जवळची वाटते. राज्य गेलेले, फौज नाही, पुढच्या वारसाला किल्ल्यात राहू देतील की नाही याचीही खात्री नाही, आणि सत्तरीकडे झुकलेला माणूस पाण्याच्या मधोमध बसायला जागा बांधतो. दोन्हीकडे सावन आणि भादों पडत असतील, ते ऐकायला.

पंधरा वर्षांनी १८५७ उजाडले.

बराकी

सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत जिंकली. बहादूरशहावर पुढच्या वर्षी खटला चालला तो याच दिवाण-इ-खासमध्ये. मग त्याला रंगूनला पाठवले आणि ७ नोव्हेंबर १८६२ ला तो तिथेच वारला. आणि इकडे किल्ला पलटणीच्या ताब्यात गेला.

राजवाड्याचा फार मोठा भाग पुढच्या काही वर्षांत पाडण्यात आला. लढाईत पडलेला नव्हे, लढाई संपल्यावर पाडलेला, हे लक्षात घ्या. जनानखान्याचे चौक गेले, दिवाण-इ-आमभोवतीच्या ओवऱ्या गेल्या, मेहताब बाग गेली, हयातबख्शची पश्चिम बाजू गेली आणि त्या जागी बराकी आणि फौजी रस्ते आले. जफरने बांधलेला मोती महाल उतरवला, हिरा महाल कसाबसा राहिला. मुमताज महाल आधी फौजी तुरुंग झाला, नंतर सार्जंटांचा मेस. आणि जफर महालाचा हौद? तो गोऱ्या सोल्जरांना पोहायला मिळाला.

जेम्स फर्ग्युसन हा त्या काळचा इंग्रज स्थापत्य-इतिहासकार. त्याने या पाडापाडीवर स्वतःच्याच लोकांना कडक शब्दांत सुनावले आहे. त्याचा मुख्य राग पाडण्यापेक्षाही दुसऱ्या गोष्टीवर होता. एवढा राजवाडा पाडताना त्याचा साधा नकाशा काढून ठेवावा, जे मोडतोय त्याची नोंद करावी, इतकेही कुणाला सुचले नाही.

फौजेत वर्ष काढलेल्या प्रत्येकाने इथे थोडे थांबावे. आपल्याकडे चार्ज देता-घेताना काय होते ते आठवा. पलंग किती, मच्छरदाण्या किती, कुकहाऊसची पातेली किती, त्यातली पोचे पडलेली किती. एक चमचा कमी भरला तरी कागद हलतो. हीच शिस्त त्या फौजेतही होती, आपण ती त्यांच्याकडूनच घेतली. त्यांच्या बराकीतल्या बादल्यांची यादी नक्की कुठेतरी असेल. मोगलांच्या राजवाड्याची मात्र केली नाही. कारण तो कुणाच्याच चार्जवर नव्हता.

इथेही मला निव्वळ द्वेष दिसत नाही. सूड होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण अशा कामात सूडापेक्षा जास्त हात असतो तो गरजेचा. इतक्या सोल्जरांना राहायला जागा पाहिजे, तोफांना मारा करायला मोकळे मैदान पाहिजे, रसदीच्या गाड्यांना रस्ता पाहिजे. इंजिनिअरच्या टेबलावर बाग म्हणजे सपाट जमीन आणि महाल म्हणजे अडथळा. भाऊंच्या डोळ्यांना छतात पगार दिसला, या इंजिनिअरला बागेत बराक दिसली. दोघांच्या योग्यतेची किंवा हेतूची बरोबरी मी करत नाही, पण इमारतीच्या बाजूने पाहिले तर दोघांची नजर एकच होती.

लुटीचा एक वेगळा नमुना दिवाण-इ-आममध्ये बघता येतो. तिथे सिंहासनामागच्या भिंतीत रंगीत दगडांच्या जडावाच्या पाट्या आहेत. त्यातल्या बारा पाट्या जोन्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने काढून नेल्या, त्यांची टेबले करून घेतली आणि नंतर ५०० पौंडांना आपल्याच सरकारला विकल्या. लंडनच्या म्युझियममध्ये गेलेल्या त्या पाट्या लॉर्ड कर्झनने परत आणवून जागेवर बसवल्या.

परतीची वाट

कर्झनचे नाव आपल्याकडे बंगालच्या फाळणीसाठी घेतले जाते. पण लाल किल्ल्यातली जी बाग आज उरली आहे ती त्याच्यामुळे, हेही नोंदवायला हवे. त्याच्या काळात १९०४ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला आणि त्याच सुमारास हयातबख्श बागेतली माती उपसून पाट आणि हौद मोकळे करण्याचे काम सुरू झाले. पुढे १९११ च्या दिल्ली दरबारासाठी किल्ला सजवण्यात आला.

या कामाशी जोडलेले एक नाव गॉर्डन सँडरसन. पुरातत्त्व खात्यातला हा तरुण वास्तुविद. किल्ल्यातल्या इमारतींची आणि बागांची माहिती देणारे त्याचे छोटे पुस्तक १९१४ साली निघाले. ज्या नोंदीसाठी फर्ग्युसन हळहळला होता, ती उरलेल्या भागापुरती तरी झाली. मग महायुद्ध पेटले. सँडरसन फौजेत दाखल झाला आणि १९१५ साली लढाईत कामी आला. फौजेने मोडलेली बाग जुळवण्यात ज्याचा हात होता, तो शेवटी फौजेच्याच गणवेशात गेला.

बराकी मात्र उभ्याच राहिल्या आणि त्यांचाही स्वतःचा इतिहास घडत गेला. नोव्हेंबर १९४५ मध्ये शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लों या आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवर याच किल्ल्यात खटला उभा राहिला. भुलाभाई देसाईंनी बचाव केला. ज्या किल्ल्यात शेवटच्या बादशहाला दोषी ठरवले, तिथेच हा खटला चालवणे सरकारच्या अंगाशी आले आणि देश पेटला. १६ ऑगस्ट १९४७ ला पंडित नेहरूंनी लाहोरी दरवाज्यावर तिरंगा फडकवला. आणि बराकींत आता आपले जवान राहायला आले.

ते राहिले डिसेंबर २००३ पर्यंत. छप्पन्न वर्षे.

त्या काळात किल्ल्यात राहिलेले साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार माझ्या ओळखीचे आहेत. मी एकदा त्यांना विचारले, "सुभेदारसाहेब, तुम्ही सावन-भादों रोज पाहिलं असेल ना?"

"रोज दिसायचं की," ते म्हणाले. "पण साहेब, रोज दिसतं ते माणूस कुठं बघतो! आमच्या लेखी ती लाईन. सकाळी पीटी, मग फॉलिन, मग ड्युटी. वरून हुकूम एवढाच, की जुन्या भिंतीला खिळा मारायचा नाही."

"मग मारला नाहीत ना?"

"आपण नाही मारला," ते हसले. "पण कपडे वाळत घालायला दोरी लागतेच की हो."

त्या दोरीत सगळे आले. आपली फौज किल्ल्यात वाईट वागली असे मी म्हणणार नाही. २२ डिसेंबर २००० च्या रात्री दहशतवादी किल्ल्यात घुसले, तीन जण मारले गेले, त्या जागेसाठी आपण रक्तही दिले. पण पलटण जिथे राहते तिथे तिच्या गरजाही राहतात. शेड, टाकी, गोदाम, रस्ता, दोरी. एकेक गोष्ट छोटी आणि दरवेळी कारण खरे. जुन्या इमारती शत्रूच्या तोफेने पडतात तेव्हा निदान इतिहासात नोंद तरी होते. गरजेपोटी झिजतात तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. रायगडावर १८१८ च्या तोफमाऱ्याची आग आपण विसरत नाही, पण आपल्याच किती गडांवरचे दगड नंतर गावकीच्या बांधकामाला, रस्त्याला आणि कचेरीला लागले, त्याचा कोण हिशेब ठेवतो?

म्हणून मला वाटते, लाल किल्ल्यात कोणत्याही फौजेने केलेल्या उत्तम कामांपैकी एक म्हणजे २००३ साली आपल्या फौजेने किल्ला पुरातत्त्व खात्याच्या हवाली केला आणि ती बाहेर पडली. न हरता, कुणी न हुसकावता. किल्ल्याच्या साडेतीनशे वर्षांत ताबा घेणारे पुष्कळ झाले, असा ताबा सोडणारे फार थोडे. २००७ साली युनेस्कोने किल्ला जागतिक वारशाच्या यादीत घेतला. फौज आत असती तर ही गोष्ट सोपी नसती, असे मला वाटते.

त्यानंतर बराकींचे काय करायचे हा प्रश्न आला. त्या पाडून मोगल बागा पुन्हा उभ्या कराव्यात असे वाटणारे आहेत. मला ते पटत नाही. मेहताब बागेचा नकाशाच ज्यांनी ठेवला नाही, त्यांच्या बराकी पाडून आपण बाग बांधली तरी ती आपल्या कल्पनेची बाग होईल, आणि आझाद हिंदच्या आठवणींचा किल्लाही हातचा जाईल. त्यापेक्षा जे झाले ते बरे. २०१९ च्या जानेवारीत काही बराकींत संग्रहालये उघडली. एकात नेताजी आणि आझाद हिंद सेना, एकात १८५७, एकात जालियनवाला बाग आणि पहिले महायुद्ध. पाडणाऱ्यांच्याच इमारतीत त्यांच्याशी लढलेल्यांचा इतिहास मांडला गेला. ज्या महायुद्धात सँडरसन गेला, त्यात गेलेल्या हिंदी शिपायांची आठवणही तिथेच आहे.

जाल तेव्हा

सोमवारी किल्ला बंद असतो, तो टाळा. दिवाण-इ-खासपाशी थांबू नका. डावीकडे वळा, मोती मशीद मागे टाका आणि बागेत या. आधी एका मंडपासमोर वाकून कोनाड्यांची ओळ बघा. सोबत मुले असतील तर दिवे आणि पाण्याचा पडदा त्यांना समजावून सांगा, ती लगेच समजतात. मग हौदाच्या काठाने जफर महालाला एक फेरी मारा. ईशान्येला शाह बुर्जाकडे बघा, सगळे पाणी तिथून यायचे. वाटेत हिरा महाल लागेल, त्याच्या उत्तरेला मोती महाल होता, ती रिकामी जागाही बघण्यासारखीच आहे.

आणि शेवटी पश्चिमेकडे तोंड करून त्या बराकींकडे बघा. आपल्यापैकी जे फौजेत होते त्यांनी जरा जास्त वेळ बघा. हत्यारबंद माणूस कुठल्याही देखण्या जागेत मुक्कामाला आला की त्याच्या गरजेपुढे त्या जागेला स्वतःचा आवाज नसतो. तिच्या वतीने आपल्यातल्याच कुणीतरी बोलावे लागते. खिळा मारू नका म्हणणारा एक हुकूम, चार्जच्या यादीत वाढवलेली एक ओळ, आणि वेळ आली की सामान बांधून निघण्याची तयारी. शिपायाच्या हाती एवढे असते आणि ते कमी नाही.